ज्योतिबाआण्णांचा आवाज कुणी नेला?

१

आमच्या चिंचारवाडीत चोरी अशी कधी होत नाही. चोरण्यासारखं काही असलंच तर ते मेंढरू, आणि मेंढरू ओरडतं. त्यामुळे बिरोबाच्या जत्रेच्या आदल्या संध्याकाळी ज्योतिबाआण्णांचा आवाजच चोरीला गेला, तेव्हा काय करायचं ते कुणालाच सुचेना.

मी साक्षी. विश्रामबागेत एका कॉलेजात इतिहास शिकवते आणि जत्रेला गावी येते म्हणजे येतेच. ज्योतिबाआण्णा हे आमच्या भागातले नावाजलेले ओवीवाले. धनगरी ओवी म्हणावी तर त्यांनीच. ते म्होरक्या होऊन ओळ टाकायचे आणि मागची माणसं झील धरायची, म्हणजे तीच ओळ उचलून घोळवायची. गेल्या वर्षी आण्णांच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, पण आवाज गेला. उरली ती घोगरी कुजबुज. तेव्हापासून आण्णा चार माणसांत बसायचेच बंद झाले.

त्यांचा मुलगा मल्हार कुपवाडला एका कारखान्यात लेथवर काम करतो. पोरगं गुणी. बापामागं मेंढरांत हिंडताना त्यानं आण्णांच्या ओव्यांचे व्हिडिओ मोबाईलवर घेऊन ठेवले होते. फोन भरत गेला तसे ते कारखान्याच्या वायफायवरून क्लाउडवर चढवले आणि फोनमधून पुसले. तिथून ते आमच्या ग्रामपंचायतीच्या लॅपटॉपवर उतरवले होते. जत्रेला बिरोबाच्या माळावर मोठा पडदा लावायचा, त्यावर आण्णांनी गायचं आणि खाली गजी मंडळानं ढोलाच्या तालावर नाचायचं, असा बेत ठरला होता.

आण्णांना तयार करताना मल्हारच्या नाकी नऊ आले. शेवटी ते एवढंच कुजबुजले, "वाजलं तर बसंन. न्हाई वाजलं तर पुन्यांदा मला लोकांत बोलवायचं न्हाई. म्या आन माजी मेंढरं."

म्हणून ही रंगीत तालीम. पंचायतीच्या अंगणात सगळे जमले. तालमीची वेळ भोंग्याची होती, कारण गाव त्याच वेळी मोकळं असतं. आमच्याकडे रोज सात वाजता भोंगा होतो आणि दीड तास टीव्ही, मोबाईल बंद. पोरं अभ्यास करतात, म्हातारी माणसं एकमेकांची उणीदुणी काढतात. ही शिस्त गावाला लावली माझ्या काकांनी, रिटायर सुभेदार भाऊसोंनी. त्या दिवशीही काकांनी भोंग्याचं बटण दाबलं, नेहमीसारखे शेजारचे खटके खाली ओढले आणि मिशीवरून हात फिरवत ते पहिल्या खुर्चीत येऊन बसले.

मल्हारनं पहिल्या ओवीवर बोट ठेवलं. पडद्यावर इंग्रजीत काहीतरी चौकट आली. त्यानं घाबरून ती बंद केली आणि दुसरी ओवी लावली. पुन्हा चौकट. तिसरी, चौथी, तेच. नावं सगळी जागच्या जागी, पण उघडेल तर शपथ! शेवटी एक वाजली. बाणाईची ओवी. एवढी एकच.

"पुसलं कुणीतरी," मल्हार रडवेला झाला. "आन हितनं पुसलं की क्लाउडवरनं बी पुसतंय! समदं गेलं!"

आण्णा उठले. घोंगडं खांद्यावर टाकलं आणि माझ्या अगदी जवळून जाताना म्हणाले, "येकडाव देवानं न्हेला आवाज. आता मानसांनी बी न्हेला व्हय?"

ते कुणाकडेही न बघता मेंढरांच्या वाड्याकडं चालू लागले.

२

भाऊसो काकांची सगळी नोकरी मिलिटरी पोलिसात गेली. गावात परतल्यावर त्यांना गुन्हेगार मिळेनात, त्यामुळे ते कोंबडीनं परसातली कोथिंबीर खाल्ली तरी पंचनामा करायचे. आज खरा गुन्हा घडला होता. दुःख झालंच त्यांना, खोटं कशाला बोलू, पण डोळे कसे लकाकत होते!

"सावधान!" काका गरजले. "कुनी जागा सोडायची न्हाई. लॅपटॉप जमा. मोबाईल जमा. मल्हार, तुजा बी."

लॅपटॉप आणि मोबाईलचा ढीग पंचायतीच्या लोखंडी कपाटात गेला. काकांनी कुलूप घातलं, किल्ली बंडीच्या आतल्या खिशात ठेवली आणि खिशाला वरून काकूंकडून टाका घालून घेतला. "मानसाचा भरवसा न्हाई," म्हणाले. काकू म्हणाल्या, "तुमचा तर मुळीच न्हाई."

सकाळी सगळ्यांसमोर टाका उसवला, कपाट उघडलं, मोबाईल ज्याचे त्याला दिले, लॅपटॉप टेबलावर मांडला. मल्हारनं देवाचं नाव घेऊन पहिल्या ओवीवर बोट ठेवलं. एक बारकं चक्र थोडा वेळ गरगर फिरलं, आणि आण्णांचा खणखणीत आवाज पंचायतीचे पत्रे हलवून गेला!

मल्हारनं तर उडीच मारली. पण काकांनी हात वर केला. "थांब! पुढं काय बी हात लावू नको. पुरावा हाय त्यो."

"आवं काका, सापडलं की!"

"सापडलं म्हनूनच घोटाळा हाय, गड्या. कुलूप माजं, किल्ली माजी, खिशाला टाका. मग आत गेला कसा चोर, आन चोरल्याला माल ठिवून भाईर पडला कसा?"

त्यावर आमच्या काकू शांतपणे म्हणाल्या, "किल्ली तुमच्याकडं. म्हंजे चोर बी तुमीच."

सगळे हसले. काकासुद्धा हसले. पण मला दिसलं, ते हसता हसता मध्येच थांबले.

३

काकांनी पंचायतीच्या ओसरीवर खुर्ची टाकली आणि जाबजबाब सुरू केले. मला बाजूला बसवून म्हणाले, "तू नुसतं बघ. बोलायचं काम माजं."

पहिला संशयित वीरधवल, सरपंचांचा मुलगा. संशयाला कारणही तसंच. जत्रेत डीजे पाहिजे म्हणून त्यानं महिनाभर घसा कोरडा केला होता, आणि आदल्या दिवशी सकाळी तो पेनड्राइव्ह घेऊन लॅपटॉपशी काहीतरी करताना दिसला होता.

"काय करत होतास रं?"

"काय न्हाई."

"काय न्हाई करायला पेनड्राइव्ह लागतो?"

वीरधवलनं मान खाली घातली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "सरप्राइज हुतं काका. गजीवाल्यांची तालीम म्या ड्रोननं शूट केली. आण्णांच्या ओवीमागं पडद्यावर लावायची म्हनून लॅपटॉपात भरली. डीजे मागितला, त्येचं खूळ डोक्यात शिरलं हुतं म्हनून. आण्णांची ओवी ऐकतच वाढलोय की म्या."

"लय मोठी फाइल आसंल?"

"लय म्हंजे लय. मावता मावंना."

काकांनी "हं" केलं. त्यांचं हे "हं" मिलिटरीत म्हणे भल्याभल्यांना घाम फोडायचं.

दुसरी मंगल, मल्हारची बायको. तिच्यावर संशय घ्यायला माझं मन धजेना, पण सगळ्या ओव्या गेल्या आणि एक बाणाईचीच कशी राहिली, हा प्रश्न होताच. बाणाईची ओवी मंगलची आवडती, हे अख्ख्या वाडीला ठाऊक. चोराला मंगलची माया आली की मंगललाच बाणाईची?

"काल पंचायतीत आलतीस?"

"आलते. दाखला पायजे हुता पोरीचा. दुपारच्या पारी."

"आन?"

मंगल पदराचं टोक पिळत राहिली. मग एकदम बोलली, "शिवांजलीला म्हनलं, बाणाईची ओवी लाव की गं. म्या लगीन हून आले तवा मेंढरांमागं पयल्यांदा वाट तुडवली. पाय सोलले, रडाय लागले. तवा मामंजींनी बाणाई म्हनली. म्हनले, देवाची बायकू बी धनगराचीच हुती, ती बी चालली, तू बी चाल. त्येंचा आवाज गेल्यापासनं ऐकली नव्हती. आख्खी ऐकली काल. त्यात काय गुन्हा हाय काय सुबेदार?"

"न्हाई गं माजे आई," काकांचा आवाज खाली आला. "दुपारी ऐकली तवा लगीच लागली?"

"न्हाई. चक्र फिरत बसलं. शिवांजली म्हनली, दम धर."

काकांची मिशी थरथरली.

तिसरी शिवांजली, पंचायतीची ऑपरेटर. लॅपटॉप तिच्या ताब्यात असतो. तिच्या चेहऱ्यावर अपराधाचा मागमूसही नव्हता, उलट कौतुकच होतं. "काका, ओव्यांना मी बोटसुद्धा लावलं न्हाई. उलट मशीन लय छान चाललंय परवापेक्षा. आधी बैलगाडीगत रखडायचं, आता कसं पळतंय बघा!"

"असं कशानं?"

"आवं, काल सकाळी स्क्रीनवर आलं, जागा संपली म्हनून. खाली बटण हुतं, 'जागा मोकळी करा'. मी दाबलं. एक फाइल गेली न्हाई. समद्यांची नावं हायत की तिथं!"

काका उठून उभे राहिले. "साक्षी, तुला त्या फाइलींच्या नावांशेजारी काय दिसलं?"

मी आठवून सांगितलं. प्रत्येक ओवीच्या नावाशेजारी एक इवलासा ढग होता. फक्त बाणाईपाशी हिरवी टिकली. आणि सकाळी वाजलेल्या ओवीचा ढग जाऊन तिथंही टिकली आली होती. मला वाटलं, नक्षी असेल.

"नक्षी!" काका ओरडले. "मास्तरीन हाय आन म्हनं नक्षी! चला समदे आत. चोर सापडला!"

४

काकांनी सगळ्यांना पंचायतीच्या खोलीत उभं केलं. लॅपटॉप मधे. बाहेर खिडकीला निम्मी वाडी चिकटली होती.

"आता ऐका. चोर बाकीच्या ओव्या घिऊन गेला, बाणाई का ठिवली? दया आली म्हनून? चोराला दया येत न्हाई. बाणाई राहिली, कारन ती दुपारी ऐकली हुती. आज सकाळी कपाटातनं पयली ओवी परत आली. दार बंद, किल्ली माज्याकडं. म्हंजे ती अशा वाटंनं आली जिला दार लागत न्हाई. अशी वाट कुठली? मल्हार?"

मल्हारनं हळूच भिंतीवरच्या वायफायच्या डब्याकडं बोट दाखवलं.

"शाब्बास! शिवांजलीनं जागा मोकळी केली तवा मशीननं नावं ठिवली आन माल धाडला वर, क्लाउडवर. त्यो ढग म्हंजे तीच खूण. माल हितं न्हाई, वर हाय. बोट ठिवलं की चक्र फिरतं, वायफायवरनं माल खाली उतरतो, आन मग टिकली. येकदा उतरला की हितंच ऱ्हातो. आन वीरधवलच्या ड्रोननं मशीन भरलं नसतं तर शिवांजलीनं बटण दाबलं नसतं. म्हंजे चोरीची सुरवात बी मायेनंच झाली."

"पर काका," मल्हार गडबडला, "काल संध्याकाळी का उतरला न्हाई? वायफाय तर हुतं की!"

काका वळले. ताठ चालत भिंतीकडे गेले. तिथं भोंग्याचं बटण, आणि बाजूला ते खटके. काकांनी एक खटका खाली ओढला. वायफायच्या डब्यावरचे हिरवे दिवे विझले.

"लाव आता. कंची बी ढगवाली."

मल्हारनं बोट ठेवलं. इंग्रजी चौकट आली. या खेपेला ती कुणी बंद केली नाही. मी वाचली. इंटरनेट नाही, एवढंच ती बिचारी काल पुनःपुन्हा सांगत होती.

"रोज सात वाजता भोंगा करून ह्यो खटका कोन ओढतं?"

खिडकीतून एक पोरगी किंचाळली, "सुबेदार!"

काकांनी टाचा जुळवल्या, छाती पुढं काढली आणि स्वतःलाच कडक सॅल्यूट ठोकला. "सुभेदार भाऊसो, तुमी गावाच्या म्होरं गुन्हेगार हायसा. कबूल?" मग जागा बदलून उत्तर दिलं, "कबूल, साब!"

एवढा हशा झाला की बाहेर झाडावरचे बगळे उडाले. काकू पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "म्या सकाळीच सांगितलं हुतं."

पण मल्हार हसत नव्हता. घड्याळाकडं बघत होता. "काका, देवळाच्या माळावर वायफाय न्हाई. रेंज तर देवालाच ठावं. संध्याकाळपातूर समद्या ओव्या हितं, मशीनवर उतरल्या पायजेत. न्हाईतर आण्णा..."



५

वीरधवलनं एका शब्दावर स्वतःचा ड्रोनचा व्हिडिओ लॅपटॉपवरून काढला. "पेनड्राइव्हवर हाय त्यो. आदी आण्णा." शिवांजलीनं ओव्यांच्या फोल्डरवर जाऊन 'कायम याच मशीनवर ठेवा' असं निवडलं. काकांनी खटका वर केला आणि सगळ्या ढगांच्या जागी चक्रं फिरू लागली. फिरू लागली आणि फिरतच राहिली.

कारण दुपारचं आमच्या गावचं वायफाय म्हणजे उन्हाळ्यातला एकुलता नळ. जत्रेला आलेले पाहुणे, फौजेतून सुट्टीवर आलेली पोरं, आयाबायांच्या मालिका, पोरांचे गेम, सगळ्यांचे हंडे एकाच नळाला. दुपार कलली तरी निम्म्याच टिकल्या आल्या होत्या.

"घरोघर जाऊन बंद करायला सांगू," वीरधवल म्हणाला.

"दोनशे घरं हायत. रात हुईल," शिवांजली म्हणाली.

काका मात्र भिंतीकडं टक लावून उभे होते. त्यांनी ही शिस्त लावल्यापासून भोंगा सातच्या आधी किंवा नंतर वाजलेला नव्हता. स्वतःच्या मुलीच्या लग्नातही त्यांनी मंगलाष्टकं थांबवून सातचा भोंगा केला होता.

"ऑर्डर इज ऑर्डर," ते स्वतःशीच पुटपुटले. "पर ऑर्डर कशापायी? मानसं येका जागी यावीत म्हनूनच की!"

आणि सुभेदार भाऊसोंनी भर उन्हात भोंगा केला.

गाव हडबडून बाहेर आलं. कुणाला वाटलं आग लागली, कुणाला वाटलं सुभेदारांचं घड्याळ बिघडलं, आणि बऱ्याच जणांना वाटलं सुभेदारच बिघडले. पण भोंगा म्हणजे भोंगा! घराघरात टीव्ही बंद झाले, मोबाईल बंद झाले. मालिका ऐन भांडणाच्या जागी थांबवून बायका अंगणात आल्या. सुट्टीवरच्या फौजी पोरांनी तर सवयीनं मोबाईल खिशात टाकून रांगच धरली.

फक्त एक गोष्ट काकांनी केली नाही. तो खटका ओढला नाही. खटक्यावर स्वतःची टोपी अडकवली आणि समोर पहाऱ्याला उभे राहिले.

रिकामा नळ मिळताच टिकल्या टपाटप येऊ लागल्या. प्रत्येक टिकलीला शिवांजली ओवीचं नाव पुकारायची आणि बाहेर लोक टाळ्या वाजवायचे. म्हाताऱ्या बायका विचारत होत्या, "आली का गं? आता कंची आली?" जणू एस.टी.तून माहेरवाशिणी उतरत होत्या. शेवटचा ढग गेला तेव्हा मल्हार मटकन खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडला. इतका आनंद मी माणसाच्या खांद्यांवर कधी बघितला नव्हता.

लॅपटॉप उचलताना काकांनी सगळे ढग गेल्याची खात्री स्वतः चष्मा लावून केली.

६

आण्णांना आणायला मंगल गेली. ते वाड्यावर मेंढराच्या पायातला काटा काढत बसले होते. चला म्हटल्यावर हललेच नाहीत. मंगलनं पुढचं काही समजावलं नाही. एवढंच म्हणाली, "मामंजी, बाणाई बी चालली. तुमी बी चला." आण्णांनी सुनेकडं बघितलं, काटा टाकला आणि घोंगडं उचललं.

माळावर गुलाल, भंडारा, ढोलांची रांग. सात वाजले तसा गावातून भोंगा ऐकू आला. काका तिकडं भोंगा करून, खटका दणक्यात खाली ओढून, मल्हारच्या मोटारसायकलवरून विजयी वीरासारखे माळावर पोचले. "ओढला रं खटका," म्हणाले. "आता कोन नेतंय बघू आवाज!"

मल्हारनं बोट ठेवलं. चक्र फिरलं नाही, चौकट आली नाही. पडद्यावर काळ्या केसांचे ज्योतिबाआण्णा उभे राहिले, मागं मेंढरं, आणि त्यांनी कानावर हात ठेवून ओळ टाकली:

"बिरोबाच्या माळाला गा, उगवला तारा..."

ढोल दणाणले, कैताळाच्या झांजा खणाणल्या. गजीवाले घुमले. आण्णा पहिल्या रांगेत ताठ बसून स्वतःकडंच बघत होते. चेहरा दगडासारखा. मला भीती वाटली, आता उठतात की काय.

पडद्यावरच्या आण्णांनी ओळ संपवली आणि झीलकऱ्यांसाठी श्वास घेतला. मल्हारनं फोन बापापुरताच धरला होता, त्यामुळे त्या जागी मागच्या माणसांचा आवाज अगदी बारीक आला होता. ओवीत भगदाड पडल्यासारखं झालं.

आणि आण्णा उठले. घोंगडं सावरलं, कानावर हात ठेवला आणि त्या फाटक्या, घोगऱ्या आवाजात त्यांनी झील धरली.

"तारा गा तारा... उगवला तारा..."

जन्मभर म्होरक्या असलेल्या माणसानं स्वतःच्याच ओळीला झील धरली. त्यांच्या शेजारी मल्हार उभा राहिला, मग मंगल, मग वीरधवल. पुढच्या ओळीला अख्खा माळ झील धरत होता. काका सगळ्यात मोठ्यानं आणि सगळ्यात बेसूर. मीही ओरडत होते, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पुसायला सवड कुणाला होती!

ओवीमागून ओवी निघाली. गजीवाल्यांनी दोनदा दम खाल्ला. काकांनी शेवटी पाण्याचा तांब्या आण्णांपुढं धरला आणि कानाशी तोंड नेऊन विचारलं, "आण्णा, दमला आसशीला. बसता का जरा?"

आण्णांनी मान हलवली. पडद्याकडं बोट केलं आणि हसत कुजबुजले, "झीलकऱ्यानं आदी बसायचं नसतंय, सुबेदार. म्होरक्या थांबंल तवा बसायचं."

आणि पडद्यावरचा म्होरक्या तर आत्ता कुठं रंगात येत होता.